ढीग पाडणारीने शेवटी उचलायचं

ता. ९ जून

चि. ताईस,
मावशीचे पोतंभर आशीर्वाद.

चिरंजीव म्हणावं तर तू आता मोठी प्रोफेसर, आणि ताई म्हणावं तर माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. पण आमच्या गल्लीत शिकलेली बाई आली की ती ताईच, मग ती काल पाळण्यातून का उतरलेली असेना. आणि ‘मला अहो-जाहो केलंत तर मी चहा पिणार नाही’ ही धमकी त्या वेळी तूच दिली होतीस. म्हणून ‘तू’च लिहिते.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन नवा आहे, त्याने ते आमच्या भंगाराच्या वखारीच्या मालकाला दिलं. मालकाने ते रद्दीवर ठेवलं आणि विसरला. गठ्ठा बांधता बांधता माझी नजर गेली म्हणून, नाहीतर तुझं पत्र कागदाच्या कारखान्यात जाऊन त्याचा पुठ्ठा झाला असता आणि मी इथे म्हणत बसले असते, बघा, ताईने एवढ्या वर्षांत चौकशी केली नाही.

मी अजून वखारीत जाते. गुडघे कुरकुरतात म्हणून मालकाने मला काचेच्या ढिगावरून उठवून कागदाच्या ढिगावर बसवलंय. बढतीच म्हणायची. वाचायला कुठे शिकलात, असं तू एकदा विचारलं होतंस, आठवतं? याच ढिगावर. कुणाच्या तरी मुलांची फाटकी पुस्तकं यायची, ती जेवणाच्या सुट्टीत लावत बसायचे. त्यामुळे कितीतरी गोष्टींचे शेवट मला आजही ठाऊक नाहीत. राजकन्या डोंगर चढली इथवर माहीत आहे. उतरली की नाही कोण जाणे.

तुझं अक्षर पाहिलं आणि तू लहान मुलांच्या अभ्यासासाठी दर आठवड्याला यायचीस त्या दुपारी डोळ्यांपुढे आल्या बघ. आमच्या खोलीचं दार एवढं ठेंगणं, की तू दर वेळी कपाळ आपटून घ्यायचीस आणि दर वेळी दाराचीच माफी मागायचीस. मग पिशवीतून ती इवलीशी बाटली निघायची. तारेची कडी बुडवून तू फुंकर मारलीस की खोलीभर साबणाचे बुडबुडे. माझी धाकटी, मुंगी, चार वर्षांची होत आली होती आणि तोंडात शब्द नव्हता. हाक मारली तर वळायची नाही. बाटल्यांची झाकणं एकामागे एक लावत बसायची, म्हणून तर सगळे तिला मुंगी म्हणायचे. पण बुडबुडा नाकाशी येऊन फुटला की अशी हसायची, की शेजारची म्हातारीसुद्धा काठी टेकत बघायला यायची. पोरांनी तुझं नावच ठेवलं होतं, बुडबुडेवाली ताई.

आता हसू येतं म्हणून सांगते. तू यायच्या दिवशी आमची काय तारांबळ उडायची! मुंगीची झाकणं, डबे, बिनहाताची बाहुली, सगळं गोणीत कोंबून शेजारणीच्या खाटेखाली. तिचीच धुतलेली चादर आणून जमिनीवर अंथरायची, मुंगीला तिच्यावर बसवायचं आणि दटावायचं, ‘हललीस तर याद राख!’ पाहुणी येणार आणि पोर भंगारात लोळताना दिसणार, शोभतं का? आणि तुझे प्रश्न! मुलीला गोष्ट सांगता का? हो. तिच्याशी खेळता का? हो हो. तिची काही काळजी वाटते का? छे, मुळीच नाही. तू घटकाभर आलेली, तुझ्यापुढे रडगाणं कशाला गायचं? गल्लीतल्या सगळ्याच बायांनी तुला हसतमुखाने अशीच उत्तरं दिली.

असो. तू लिहिलंस की उशिरा बोलणाऱ्या, उशिरा चालणाऱ्या लहान मुलांचा नवा अभ्यास सुरू करते आहेस. मुलांना शिकवायला शिक्षिका येणार, आणि काय विचारायचं, कसं बघायचं हे या खेपेला आमच्यासारख्या गल्ल्यांतल्या लोकांनी पहिल्यापासून तुमच्याबरोबर बसून ठरवायचं. त्या कमिटीवर मी बसावं, आणि इथल्या आयांशी बोलावं. वाचून बरं वाटलं. पण मला जमेलसं दिसत नाही. गुडघे हे असे, वखारीचं काम आहेच. शिवाय सूनबाई नको म्हणते. मुलगा तेव्हा शाळेत जायचा, आता ट्रक चालवतो. त्याला मुलगा झालाय, अडीच वर्षांचा. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून आम्ही त्याला बटण म्हणतो. शांत आहे. आपल्याच नादात असतो. बाकी ठीक.

मुंगी बरी आहे. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

रागावू नकोस. तब्येतीला जप, आणि कुठल्या ठेंगण्या दारातून जाताना वाकत जा.

तुझी,
वखारीतली मावशी


ता. ३० जून

चि. ताईस आशीर्वाद.

तू इतक्या लगेच उत्तर पाठवशील असं वाटलं नव्हतं, आणि तेही इतकं लांबलचक. दोन जेवणाच्या सुट्ट्या लागल्या मला.

झाकणांचं तुला ठाऊकच नव्हतं, असं लिहिलंस. तुमच्या त्या अभ्यासात ‘घरात खेळायला काही नाही, आई मुलीशी खेळत नाही’ असं लिहिलं गेलं. आणि आम्हा सगळ्यांना काही काळजीच नाही असं दिसल्यावर शिक्षिका पुलापलीकडच्या वस्तीला दिली गेली. पत्र लिहिताना तू रडलीस, हे तू लिहिलं नाहीस, पण शाई एके ठिकाणी फुगली आहे. अगं, डोळे पूस. झाकणं खाटेखाली सरकवली ती आमच्याच हातांनी. दिसलं नाही ते तू कुठून लिहिणार? तुला खरं विचारायचं कसं ते कळलं नाही, आम्हाला खरं सांगायचं कसं ते कळलं नाही. दोन्हीकडून माणसं चांगलीच होती. नुकसान मात्र व्हायचं ते झालं.

पण शेवटी तू लिहिलंस, ‘मावशी, गुडघे हे खरं कारण नाही.’ ती ओळ वाचून मी कागदाची घडी घातली. परत उघडली. परत घातली. आज सांगून टाकते.

तुझा येण्याचा दिवस म्हणजे कागदाचा ट्रक भरायचा दिवस. शेवटच्या खेपेला तू नेहमीसारखीच ‘येते हं मावशी’ म्हणालीस. मलाही ते नेहमीसारखंच वाटलं. पुढच्या आठवड्यात ट्रक लागला, माल चढायला लागला, आणि मुंगी आपण होऊन नळावर गेली. तोंड धुतलं. एरवी तोंडाला पाणी लावायचं म्हटलं की गल्ली डोक्यावर घेणारी पोर ती! मग वखारीच्या वजनकाट्यावर जाऊन बसली, रस्त्याकडे तोंड करून. गाल फुगवून.

तुझ्यामुळे ती ‘फू’ म्हणायला शिकली होती ना. तो तिचा पहिला शब्द; शब्द म्हण, वारा म्हण. तू आलीस की सोडायचा म्हणून तिने तो गालांत धरून ठेवला होता.

तू आली नाहीस. पुढच्या ट्रकलाही ती बसली. त्याच्याही पुढच्या. मालक एरवी कसा तापट, पण तो काट्यावर माल चढवू द्यायचा नाही. म्हणायचा, ‘बसू द्या तिला, माझं काय बिघडतंय.’ किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. थंडी येऊन गेली, पोरीचा स्वेटर तोकडा झाला. मग एका ट्रकच्या दिवशी तिने तोंड धुतलं नाही. मला वाटलं, सुटली बिचारी. पण त्याच दिवसापासून ‘फू’ही थांबला, आणि पुढे कितीतरी वर्षं तिच्या तोंडून काही आलं नाही.

तुझं काम संपलं होतं. तुला हवं ते बघून झालं होतं. कुणी वाईट वागलं नाही. फक्त संपलं हे मुंगीला कुणी सांगितलं नाही.

आता ती माझ्याच उंचीची झाली आहे. माझ्या शेजारी बसून कागद निवडते, रंगीत वेगळा, पांढरा वेगळा, आणि तिच्या ढिगात कुणी हात घातला तर खपत नाही. मोठेपणी थोडं बोलायला लागली. चहा. बस. नको. ‘नको’ फार झकास म्हणते. मालकालासुद्धा म्हणते.

आणि बटण. तो शांत आहे असं मी लिहिलं होतं ना? तो शांत नाही गं. तोही हाकेला वळत नाही. परवा पाहिलं तर दाराशी बसून झाकणं लावत होता, एकामागे एक. त्याला कुणी शिकवलं नाही. सूनबाईने पाहिलं, मी पाहिलं, आणि दोघी भांडी घासायला निघून गेलो. तोवर एकमेकींशी त्याबद्दल अक्षर बोललेलो नव्हतो. तुझ्या पत्राने बोलायला लावलं. मी म्हटलं, ‘शिक्षिका मिळेल बटणला. आत्ता लहान आहे, आत्ताच उपयोग.’

सूनबाई याच गल्लीत वाढलेली. मुंगी काट्यावर बसायची तेव्हा ही परकर सावरत समोर खेळायची. मला म्हणाली, ‘आई, त्या बाईंना लिहा, माझं पोर काट्यावर बसणार नाही.’

‘अगं, ती तशी नाही.’

‘तशी नसतील. पण बसलं कोण होतं?’



तरी मी नेट धरून तू पाठवलेली माहिती तिला वाचून दाखवली. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या मुलांना शिक्षिका लगेच, अर्ध्यांना वर्षाने, आणि दोघांची तुलना. कणीक मळत ऐकत होती. हात थांबले. ‘म्हणजे बटणची चिठ्ठी निघाली नाही तर वर्षभर येऊन त्याला नुसतं बघणार? तो मागे पडतोय ते लिहून घेणार?’

‘तसंच काहीसं दिसतंय.’

‘वखारीत ढीग कसे वाटतात, त्यांना ठाऊक आहे का?’

ताई, ते तुला ठाऊक नसणार, म्हणून सांगते. ट्रक रिकामा झाला की मालाचे ढीग पाडतात, दर बाईला एक. नियम असा की जिने ढीग पाडले तिने सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. त्यामुळे पाडणारीचा हात आपोआप सरळ चालतो. कुणावर डोळा ठेवायला लागत नाही. सूनबाईचं म्हणणं एवढंच: ‘ढीग त्या पाडणार ना? मग त्यांनी शेवटी उचलायचं. आधी पोरांचं शिकणं, सगळ्या पोरांचं. मग त्यांचं पुस्तक.’

जसंच्या तसं कळवलं, मीठ-मसाला लावला नाही. जड गेलं तर सोडून दे, तुझ्यावर माझी माया आहे तशीच राहील. पण अभ्यास करायचाच असेल तर इथे ये आणि तिच्याशी बोल. मी मध्ये पडणार नाही. एकीकडे तू, एकीकडे ती, आणि पोर माझंच.

तुझी,
ढिगावरची मावशी


ता. ५ ऑगस्ट

चि. ताईस,
आशीर्वाद आहेतच, आता त्यात नवं काय लिहू.

तू घरी नीट पोचलीस ना? कपाळाला टेंगूळ आलं का? दार तेच आहे हे मी आधी सांगायला हवं होतं.

तू गेल्यावर इथे काय काय झालं ते सांगायला हे पत्र. तुझ्यापुढे झालं त्याची चर्चा अजून नळावर चालू आहे. एवढ्या बाया वखारीच्या पत्र्याखाली पोरं घेऊन बसल्या आणि एकीनेही घर आवरलं नव्हतं, ही सूनबाईची सक्त ताकीद. ‘जसं आहे तसं दिसू दे’ म्हणून सकाळी दारोदार बजावून आली होती. शेजारीण तेवढी खट्टू झाली, तिची नवी चादर दाखवायची राहिली.

चिठ्ठ्या नसल्या तर अभ्यास कच्चा आहे असं लोक म्हणतील, असं तू म्हणालीस आणि सूनबाईने विचारलं, ‘लोक म्हणजे कोण? त्यांची पोरं आहेत का इथे?’ तेव्हा सगळ्या हसल्या. तूही हसलीस, पण तुझे कान लाल झाले होते. मला वाटलं, मोडलं. आणि तू म्हणालीस, ‘सगळ्या मुलांना एकदमच शिकवायला लागू. तुलना कशी करायची ते आपण इथेच बसून शोधू. मला वरच्यांशी भांडावं लागेल. जमेलच असं नाही सांगत.’ ते ‘जमेलच असं नाही सांगत’ सूनबाईला फार पटलं. घरी आल्यावर म्हणाली, ‘नुसती मान डोलावणारी नाही बाई.’

पलीकडच्या खोलीतल्या दुसऱ्या ट्रकवाल्याच्या बायकोने सांगितलं ना, आमच्याबद्दल जे लिहाल ते बाहेर जायच्या आधी इथे मोठ्याने वाचून दाखवायचं, तेही सगळ्यांना पटलं आहे. आता ती स्वतःला निम्मी प्रोफेसर समजते. काल माझा गठ्ठा बघून म्हणाली, ‘मावशी, हे कशावरून बरोबर?’

पण काम केलं ते वेगळ्याच गोष्टीने. ती तुला कळली नसेल.

तू निघताना मुंगी कागदाच्या ढिगावर होती. मी तिला हाक मारणार, तर तूच मला अडवलंस. लांबच उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘मुंगी, मी बुडबुडेवाली. तेव्हा न सांगता गेले. चुकलं माझं. जवळ येऊ का?’ मुंगीने वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. आणि म्हणाली, ‘नको.’ तुझा चेहरा उतरला, मला दिसलं. पण तू ‘बरं’ म्हणालीस आणि मागे फिरलीस. आढेवेढे नाहीत, पिशवीतून काही काढून दाखवणं नाही.

सूनबाई दारातून बघत होती. रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, ‘मुंगीताईचं नको ऐकलं त्यांनी.’ मी खाली बघून जेवत राहिले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, ‘बटणला तर नको म्हणताच येत नाही. त्याचं नको ओळखायला शिकतील का त्या?’

‘तूच शिकव त्यांना,’ मी म्हटलं. एवढंच म्हटलं, शपथ.

तर तिचा निरोप असा आहे. पहिला महिना अभ्यास तुम्ही करायचा नाही, ती करणार. तुझ्या ज्या दोन मुली शिकवायला यायच्या आहेत त्यांना पाठव. बटण आपल्या दाराशी, आपल्या पसाऱ्यात असेल. त्या त्याच्याशी कशा वागतात, तो वळला नाही तर चिडतात का, तो उठून गेला तर ओढून आणतात का, ते ती बघणार. महिन्याने पटलं तर हो म्हणेल आणि मग तुझ्या कागदावर सही करेल. नाही पटलं तर तसं तोंडावर सांगेल. मुलींना सांगून ठेव, सूनबाई फार बारीक बघते, आणि परीक्षा चालू असेपर्यंत चहा विचारत नाही. चहा मी देईन, मागच्या दाराने.

आणि शेवटचा दिवस पहिल्याच दिवशी सांगायचा, हे तूच आपण होऊन कबूल केलंस. तो मुलांना कळेल कसा हे तेवढं ठरवायचं आहे. त्यावर कमिटीत बोलू. हो, कमिटीत. बसते मी. गुडघे तिथेही कुरकुरतील, खुर्ची जरा उंच ठेवा.

आता एक राहिलं. मागच्या पत्रात लिहायचं होतं, पण मुंगीचं लिहून झाल्यावर स्वतःचं लिहायची लाज वाटली.

ट्रकच्या दिवशी मीही केस विंचरायचे, ताई. काचेच्या ढिगावर बसणारी बाई, कुणासाठी विंचरायची केस? तुझ्यासाठी. मला वखारीत विचारायचे, किती किलो झाले. घरी विचारायचे, जेवण झालं का. आणि तू मांडी घालून समोर बसायचीस आणि विचारायचीस, ‘तुम्हाला काय वाटतं, मावशी?’ तो तुझ्या कामाचाच प्रश्न असेल, ठरवून दिलेला, सगळ्याच आयांना विचारायचा. मला कुठे ठाऊक? मला त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. तुला सांगायला म्हणून मी आठवडाभर गोष्टी साठवून ठेवायचे. वाचलेल्या अर्धवट गोष्टी, नळावरची भांडणं, काय वाट्टेल ते. तू सगळं ऐकायचीस. काही गोष्टी तर तू लिहूनही घ्यायची नाहीस, नुसती हसायचीस. तेवढ्यावरून मी समजून चालले की आपण मैत्रिणी आहोत.

मग तू यायची थांबलीस. मुंगी काट्यावर बसायची, आणि मी ढिगावरून तिच्याकडे बघते आहे असं सगळ्यांना वाटायचं. मी तिच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत असायचे. ती लहान होती, तिचं दिसलं. माझं कुणाला सांगणार? दोन पोरांची आई, आणि वाट बघत बसली आहे शाळकरी मुलीसारखी!

राग तेव्हाही नव्हता. आता तर तू समोर येऊन बसून गेलीस, सगळं धुऊन निघालं. परवा तू उठलीस तेव्हा पुन्हा तेच म्हणालीस, ‘येते हं.’ मला जरा धस्स झालं, एवढंच.

तेव्हा कमिटीत मी सगळ्यांसारखीच बोलेन, कडक बोलेन, तुला पाठीशी घालणार नाही. पण एवढं माझं आपलं दोघींतलं. मुलांना शेवटचा दिवस सांग, आयांना सांग, सूनबाईला तर कागदावर लिहून दे. मला तेवढा सांगू नकोस. काम संपल्यावरही कधी वाट वाकडी करून आलीस तर ये, बस, काही विचारू नकोस, काही लिहू नकोस.

तुझी, आणि तुझ्या अभ्यासात नसलेली,
मावशी